सदतीस डावरे

४ मार्च

मा. समन्वयप्रमुख, संयुक्त गरजा कक्ष, मुख्य कार्यालय यांस
विषय : आपली नेमणूक.
संदर्भ : आमच्या सूचनाफलकावरचा कागद (चारपैकी एक टाचणी गळालेली).

बारके,

वरचं नमुन्याप्रमाणे आहे, खालचं माझं. सहा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. सुरुवात कशी करायची ते आठवेना, म्हणून कार्यालयीन नमुना वापरला.

अभिनंदन. हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला. पहिल्यांदा शाई फुटली, दुसऱ्यांदा मनातून येत नव्हता. आता आला असं समज.

बातमी मला कळली ती आमच्या हेडक्लार्ककडून. भांडाराच्या खिडकीत कोपर टेकून म्हणतो, "काय भांडारपाल, आता आमच्याशी बोलणार का नाही?"

"का? काय झालं?"

"घ्या! बहीण नऊ शाखांच्या डोक्यावर बसली आणि भावालाच पत्ता नाही!"

"पत्ता आहे. तिचं पत्र आलंय परवाच," मी म्हटलं. तो गेला. मग मोजून ठेवलेले गॅस्केट मी परत मोजले. दोन्ही वेळा एकशे बारा.

पाणी, सांडपाणी, अग्निशमन, रस्ते, इमारती, बागा, कालवे, पंपघरं, कार्यशाळा. छत्तीस वर्षं या खात्यात काढली, पण या नऊ शाखांचे नऊ साहेब एका टेबलाभोवती बसलेले मी पाहिलेले नाहीत. प्रत्येकाचे व्हॉल्व्ह वेगळे, ते फिरवायच्या चाव्या वेगळ्या. एकाची चावी दुसऱ्याच्या व्हॉल्व्हला बसत नाही आणि याचा प्रत्येकाला अभिमान. पाइप फुटला की ज्याची चावी तो माणूस सापडेपर्यंत रस्त्यावर तळं. आता तू म्हणे सगळ्यांना एका चावीवर आणणार. परिपत्रकाची पहिलीच ओळ : एक खातं, एक चावी.

हे वाक्य कुणाचं गं? तू सात वर्षांची होतीस, मी सोळाचा, खात्यात मजूर म्हणून नुकताच लागलेला. फरशीवर खडूने व्हॉल्व्हचा छेद काढून तुला दाखवायचो आणि म्हणायचो, सगळ्यांना एकच चावी का नाही करत हे लोक? आई ओरडायची, फरशी कोण पुसणार. तू पुसायचीस.

मी शाळा सोडली ती तुला शिकता यावं म्हणून, असं आई जगाला सांगते. मी कधी सांगत नाही. तिला अडवतही नाही.

आणि सहा वर्षांपूर्वीच्या त्या परीक्षेबद्दल एकदाच लिहितो. खात्याची परीक्षा, एकच हॉल. तू तिसऱ्या रांगेत, मी मागे खांबाआड. तू पास झालीस, मी तीन गुणांनी राहिलो. खांबामुळे माझ्या टेबलावर उजेड कमी होता. ही सबब नव्हे, माप आहे.

तुझा फॉर्म मिळाला. रकाने आठ. दुसऱ्या रकान्यात नुसतं 'व्यास' छापलंय. आतला की बाहेरचा? मी दोन्ही दिलेत. जिल्ह्यातल्या एकूण एक व्हॉल्व्हची मापं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरलीत. कुणाला बोट ठेवायला जागा सापडणार नाही. तुलासुद्धा.

आईच्या चष्म्याचा डावा स्क्रू ढिला असतो, तो बघ.

दादा


२१ मार्च

बारके,

तुझी चिठ्ठी आली होती. दोन ओळी. 'व्यास आतला. आई वाट बघते.' एवढ्यासाठी लिफाफा.

आज तुला सहा वर्षांनी पाहिलं. आमच्याच कार्यालयाच्या वरच्या सभागृहात, तेरा पावलांवरून. मला जागा दिली होती भिंतीकडच्या खुर्चीत, चहाच्या ट्रेशेजारी. मोठ्या टेबलाभोवती नऊ साहेब. म्हणजे आणलेस तू त्यांना. तिथेच माझं पोट दुखायला लागलं.

आलीस, खुर्चीला पिशवी अडकवलीस, आणि टेबलावरच्या शाखांच्या पाट्या गोळा करून पत्त्यांसारख्या पिसल्यास. अग्निशमनवाल्यांपुढे आली 'बागा'. रस्तेवाल्यांपुढे 'सांडपाणी'. पाणीवाले साहेब, जे कुणाला एक चावी उसनी देत नाहीत, त्यांच्यापुढे 'कालवे'.

तू म्हणालीस, "आज ज्याच्यापुढे जी पाटी, त्याने तिची बाजू मांडायची. स्वतःच्या शाखेबद्दल चकार शब्द नाही."

"मॅडम, मला झाडातलं काही कळत नाही हो," अग्निशमनवाले म्हणाले. "मी झाड बघतो ते पेटल्यावर."

सगळे हसले. मलाही हसू आलं, मी ते खोकल्यात घातलं. आणि अर्ध्या तासात तेच साहेब टेबलावर हात आपटून माळ्यांसाठी भांडत होते! "अहो, एक व्हॉल्व्ह फिरवायला माळ्याने पाणीवाल्यांच्या दारात किती उभं राहायचं?" आणि पाणीवाले साहेब 'कालवे'च्या पाटीमागे मान खाली घालून बसलेले. तीन तासांत नऊ सह्या. मी पूर्ण वेळ वाट बघत होतो, की एकाने तरी उठून जावं. एकानेही नाही. रस्तेवाल्यांनी तर उठून तुझ्यासाठी खिडकी लावून घेतली.

शेवटी तू म्हणालीस, "ही कल्पना माझी नाही. मी ती लहानपणापासून घरी ऐकत आलेय."

घरी! घराला तोंड असतं का, बारके? ज्याला असतं, तो चहाच्या ट्रेशेजारी बसला होता. तू माझ्याकडे बघितलंस हे मी नाकारत नाही. पण नजर इतिवृत्तात येत नाही.

मग सगळ्यांसमोर विचारलंस, "भांडारपाल, फॉर्ममध्ये न आलेलं, पण आम्हाला माहीत असायला हवं असं काही तुमच्याकडे आहे का?"

तुमच्याकडे. बहिणीने मला 'तुम्ही' म्हणावं म्हणून मी या खात्यात छत्तीस वर्षं घालवली.

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

आता हे पत्र मी टाकणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. आहे माझ्याकडे.

जुन्या वस्तीच्या मुख्य लाइनवर सदतीस व्हॉल्व्ह असे आहेत, की जे डावीकडे फिरवल्यावर बंद होतात. बाकी सगळ्या जिल्ह्यात उजवीकडे बंद, तिथे उलटं. माझ्या जन्माच्याही आधी कुठल्यातरी परक्या कारखान्याचा एक लॉट आला, तो तसा बसला. नकाशावर नोंद नाही, कारण नकाशावाले व्यास लिहितात, फेरा लिहीत नाहीत. पाणी शाखेतले जुने लोक त्यांना 'डावरे' म्हणतात. तिथल्या व्हॉल्व्हांतला कुठला डावरा हे शोधायला मी एक अख्खा हिवाळा सायकलवर घालवला. प्रत्येक झाकण स्वतः उचललं, प्रत्येक व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून बघितला आणि वही केली. कुणी सांगितलं नव्हतं. ती वही माझ्या कपाटात आहे. जगात दुसरीकडे कुठे ही यादी नाही.

धोका काही नाही. पाणी शाखेचे व्हॉल्व्हमन डावऱ्यांना ओळखून आहेत. अडेल ते तुझं काम. चाव्या आल्या, वापरायला घेतल्या की तुला कुणीतरी सांगेल, इथे काहीतरी उलटं आहे. मग तू येशील भांडारात. खिडकीपाशी नाही, आत. स्टुलावर बसशील आणि विचारशील, "दादा, हे कसं काय?" मग मी कपाट उघडेन.

दादा


१४ एप्रिल

बारके,

मागचं पत्र ड्रॉवरमध्ये आहे. हेही तिथेच जाईल, असं दिसतंय.

तुझ्या चाव्या आल्या. साठ नग. एक वेष्टणातून काढून व्हर्नियरने मापली. चौकोनी तोंड चारही बाजूंनी सारखं. दांडा सरळ, काचेवर ठेवून बघितला. मूठ अशी, की हातमोजा घालूनही घट्ट धरता येते. मी संध्याकाळपर्यंत खोट शोधत होतो. हेडक्लार्क म्हणाला, "काय भांडारपाल, चावी बघताय का मुलगी?" मी त्याला हाकललं. खोट नव्हती. ही चावी मी काढली असती तर अशीच काढली असती, आणि ते मला सहन होईना.

मुठीवर बाण कोरलाय. उजवीकडे. खाली शब्द : बंद.

सोबत तुझं नवं परिपत्रक. नऊ शाखांच्या माणसांची मिळून एक संयुक्त तुकडी. पाइप फुटला की जो जवळ असेल त्याने जायचं, पाणीवाल्यांची वाट बघायची नाही. खड्ड्यात उतरण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बाणाच्या दिशेने घट्ट फिरवून खात्री करायची. नियम चांगला आहे. डावरे नसते तर बिनतोड.

दुपारी मामा आले. मामा म्हणजे पाणी शाखेचे सगळ्यात जुने व्हॉल्व्हमन, सगळं खातं त्यांना मामा म्हणतं. डावरे मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवले. चावी हातात घेऊन बाणावरून अंगठा फिरवला.

"हा बाण आपल्या डावऱ्यांना माहितीय का?"

"असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे? आपल्या लोकांचं ठीक आहे. पण आता आगवाले येणार, रस्तेवाले येणार. त्यांना काय ठाऊक? बाईसाहेबांच्या कानावर घाला हो. तुमची तर घरचीच आहे."

"घातलंय," मी म्हणालो.

मामांनी मान डोलावली आणि निघून गेले. छत्तीस वर्षांत त्या माणसाशी मी खोटं बोललो नव्हतो.

रविवारी आईचा फोन. पाच मिनिटं तुझंच. तू कुठल्या साहेबाला कसं गप्प केलंस, तुला कुठली गाडी मिळाली. मग म्हणते, "तुझीच पुण्याई रे. तू शाळा सोडलीस म्हणून ती शिकली."

"हो," मी म्हटलं.

"मग ये ना एकदा. तिला बरं वाटेल."

"तिला काय कमी आहे?"

आई म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय? घसा बसलाय का?"

दोन मेला तुझी पुढची बैठक आहे. तेव्हा मी उठून उभा राहीन आणि नऊ साहेबांसमोर सांगेन, मॅडम, आपल्या बाणात सदतीस ठिकाणी चूक आहे, ही घ्या यादी. भिंतीकडच्या खुर्चीतून सांगेन. अठरा दिवसांचा तर प्रश्न आहे. इतकी वर्षं काही झालं नाही, अठरा दिवसांत काय होतंय?

दादा


२९ एप्रिल

तुला सगळं कळलंच असेल. तरी मी जे पाहिलं ते लिहितो.

परवा सकाळी दहाच्या सुमाराला जुन्या वस्तीत सांध्यातून गळती झाल्याची तक्रार आली. सर्वात जवळ होता अग्निशमनचा फिटर, ज्याला सगळे पैलवान म्हणतात. तुझी चावी घेऊन तो व्हॉल्व्हवर गेला. पुरवठ्याची वेळ संपली होती, म्हणजे पाणीवाल्यांनी व्हॉल्व्ह आधीच बंद केलेला. पैलवानाला ते ठाऊक नाही. नियम सांगतो, स्वतः खात्री कर. त्याने बाण बघितला आणि घट्ट होईपर्यंत उजवीकडे फिरवला. डावरा क्रमांक एकोणीस. बंद होता तो त्याने पूर्ण उघडला. मग तो चारशे पावलं चालत खड्ड्यापाशी गेला, खाली उतरला आणि सांधा सोडला. लाइन रिकामी होती. पाणी यायला वेळ लागला, तेवढ्यात त्याचे दोन्ही हात पाइपात होते.

त्याला दोराने वर काढला. पायाची नळी दोन ठिकाणी मोडली आहे. छातीत पाणी गेलं होतं. जगेल. शिडीवर चढायला परत जमेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

मी काल रुग्णालयात गेलो. भांडाराच्या वतीने, असं रजिस्टरमध्ये लिहून. पैलवानाची बायको पलंगाच्या पायथ्याशी बसलेली. तो मला म्हणाला, "साहेब, चाळीस फेरे बसले. मी मोजले. मला वाटलं, पाणीवाल्यांनी उघडाच ठेवलाय, बरं झालं खात्री केली. मी बाण बघूनच फिरवला हो. आमचे साहेब म्हणतात मी उलटा फिरवला असणार. तुम्ही सांगा, मी चुकलो का?"

"बघू, चौकशीत येईल," मी म्हटलं.

त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्यापुढचा पाण्याचा जग भरून आणला.

ज्या दिवशी हे झालं त्याच दिवशी दुपारी मी पाणीवाल्या साहेबांना सदतीसची यादी दिली. त्यांनी सगळ्या चाव्या त्याच तासाला परत मागवल्या. "ही कुठून आली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जुन्या कागदांत सापडली." ते म्हणाले, "शाबास. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं चाललंय."

मुख्य कार्यालयातून चौकशी लागली आहे. तुझ्यावर. लोक म्हणतात तुझा कक्ष मोडणार, चाव्या भंगारात जाणार, नऊ शाखा पुन्हा आपापल्या दाराला कड्या लावणार. रस्तेवाले साहेब जिन्यात मोठ्याने म्हणत होते, "बाईंना घाई फार."

मला बरं वाटायला हवं होतं. मी ते वाटण्याची वाट बघत जिन्यात उभा राहिलो. काही वाटलं नाही.

दादा


९ मे

बारके,

तुझ्या लेखी जबाबाची प्रत परवा नियमाप्रमाणे भांडारात आली. वाचली. परत वाचली. मग खिडकी लावून घेतली.

मुद्दा एक, फिटरने नियमाचं तंतोतंत पालन केलं, त्याचा दोष नाही. हे बरोबर.

मुद्दा दोन, नियम तू केलास. हेही बरोबर.

मुद्दा तीन : 'फॉर्ममध्ये फिरण्याच्या दिशेचा रकाना ठेवला नाही ही सर्वस्वी माझी चूक. विचारलेली सर्व माहिती भांडारपालांनी अचूक दिली होती.'

अचूक. हा शब्द माझ्या कामापुढे कुणीतरी लिहावा म्हणून मी परदेशी कारखान्यांचे कॅटलॉग शब्दकोश घेऊन वाचायला शिकलो. लोक टेबलं मोजतात तसं मी खिळे मोजले. छत्तीस वर्षांत कुणी लिहिला नाही. आणि लिहिला तो तू, आणि तो इथे!

तू विचारलं होतंस. नऊ साहेबांसमोर विचारलं होतंस, फॉर्ममध्ये न आलेलं काही आहे का. जबाबात ते एक वाक्य घातलं असतंस तर तू सुटली असतीस. इतिवृत्तात आहे ते, मी बघितलंय, पान चार. तू ते का घातलं नाहीस? तुला कळलंय, नाही का? यादी 'सापडली' हे ऐकल्यावर तुला कळलं असणार. माझ्या हातातून काही कधी हरवत नाही, तर सापडेल कुठून.

म्हणजे तू मला वाचवतेयस. खरं सांगतो, बारके, तुझ्या नेमणुकीने, त्या पिसलेल्या पाट्यांनी, त्या चावीने जे झालं नव्हतं ते या तिसऱ्या मुद्द्याने झालं. अंगाचा नुसता जळफळाट झाला. खुर्ची तुझी, टाळ्या तुझ्या, कल्पनाही तुझी झाली. आता दोषसुद्धा तूच घेणार? आयुष्यात एक गोष्ट मी पूर्ण माझी, माझ्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय केली, आणि तीही तू तुझ्या नावावर लावलीस. ती माझी आहे. परत दे.

मुद्दा तीन काढून टाक. काढायला तू तयार होणार नाहीस, म्हणून मी माझा जबाब आजच दिला आहे. त्यात लिहिलंय : मला माहीत होतं. मला विचारण्यात आलं होतं. मी नाही म्हणालो. मामांनी मला बजावलं होतं, त्यांना मी सांगितलं की कळवलंय. यादी सापडलेली नाही, ती माझीच होती. सोबत तुला लिहिलेली, न टाकलेली तीन पत्रं जोडली आहेत. तारखा बघ. चौकशीवाल्यांना पुरावा लागतो, आणि माझ्याविरुद्ध माझ्याइतका पक्का पुरावा कुणाकडे नाही. हे पत्र आणि त्या तिन्हींच्या नकला शिपायाहाती आज रात्रीच तुला पाठवतोय.

एक चौकशीबाहेरचं. शाळा मी तुझ्यासाठी सोडली नव्हती. भूमितीच्या मास्तरांची फळ्यावरची आकृती चुकली होती, ती मी भर वर्गात दाखवली. त्यांनी माझी वही फाडली. मी घरी आलो तो परत गेलो नाही. शेजारणीने विचारलं तेव्हा आईने तुझं कारण पुढे केलं. ते मला आवडलं, मी ठेवून घेतलं. काल फोनवर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं रे. मास्तर आले होते घरी, माफी मागायला. तू झोपल्याचं सोंग घेतलं होतंस." घ्या. म्हणजे आपल्या घरात माहिती दडवण्याची पद्धत जुनीच आहे.

मामांनाही सांगितलं. गेले चार दिवस आम्ही दोघं डावऱ्यांची झाकणं लाल रंगवतोय, आत डाव्या बाणाची पट्टी ठोकतोय. सोळावं झाकण चाललं होतं.

"म्हणजे तुम्ही मला 'घातलंय कानावर' म्हणालात, ते?"

"खोटं होतं."

मामांनी ब्रश डब्यात ठेवला. रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. परत आले, ब्रश उचलला आणि म्हणाले, "एकवीस राहिलेत. चला." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पैलवानाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्याची बायको उठून बाहेर गेली. तो छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही. तुम्ही बरोबर केलं."

"हे लिहून दिलंय?"

"दिलंय."

"बरं," तो म्हणाला. "आता तुम्ही जा."

मी गेलो. माफी मागायला नेली होती, ती तशीच परत आणली. द्यायला परत जाईन, त्याने घेतली नाही तरी.

माझी नोकरी जाईल किंवा हुद्दा जाईल. कार्यशाळेत फिटर म्हणून ठेवलं तरी चालेल, हात अजून चांगले आहेत. तुझा कक्ष मात्र राहिला पाहिजे. हे मी तुझ्यावरच्या मायेने लिहीत नाहीये, गैरसमज नको. एक खातं, एक चावी हे बरोबर आहे. मी सोळा वर्षांचा असल्यापासून बरोबर आहे. फॉर्मला फक्त नववा रकाना जोड : 'बंद होण्याची दिशा'. आणि त्याच्या खाली दोन रिकाम्या ओळी ठेव, ज्यात माणसाला न विचारलेलं लिहिता येईल. सांगणारा माझ्यासारखा असला तर त्याचाही उपयोग नाही, पण निदान त्याला 'रकाना नव्हता' म्हणता येणार नाही.

उद्या साडेदहाला सुनावणी. बाहेरच्या बाकावर आपण दोघं असू. साक्षीदारांनी आपसात बोलायचं नसतं, तेव्हा मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस. डोळे वगैरे पुसू नकोस, मला ते बघवत नाही. मी आज संध्याकाळी चौकशी कार्यालयात जाऊन दारावरची यादी बघून आलो. पहिलं नाव तुझं होतं. मी तिथल्या लिपिकाला म्हटलं, हा क्रम चुकलाय, घटना आधी माझ्याकडे घडली, तर साक्षही आधी माझी. त्याने नियमावली चाळली, मान हलवली आणि यादी नव्याने टाइप करून लावली. चारही टाचण्या मी स्वतः दाबल्या.

आधी मी आत जाणार आहे. तू माझ्यानंतर ये.

दादा